तेल जेवणारी माती

गुरुबाईला शाळेत घातलं ते साल चोपन्न. चनमल्लप्पाची ही थोरली पोर. जूनमध्ये पाटी उराशी धरून ती रडत गेली, आणि दिवाळीनंतर तीच रविवारीही शाळेत जायचं म्हणून रडू लागली. त्याच मार्गशीर्षातली गोष्ट. गुलबर्ग्याच्या डाळ मिलमध्ये चनमल्लप्पा इंजिनवर होता. दुपारी इंजिन बंद करून तो मागच्या अंगाला गेला, उकिडवा बसला आणि हात धुवायला माती घ्यावी म्हणून त्यानं न बघताच खाली पंजा घातला. इंजिनवाल्याचे हात साबणानं निघत नाहीत. मूठभर माती घ्यायची, बोटांच्या बेचक्यांतून घासायची, मग पाणी. इतकी वर्षं तो भिंतीकडची कोरडी माती घ्यायचा. आज पंजा पडला तो जिथं जळकं तेल फेकत त्या जागेवर. ती जागा म्हणजे तव्याची पाठ. तिथं काही उगवत नसे, पाणी टाकलं तर मण्यासारखं घरंगळून जाई. पण बोटांना काहीतरी गुदगुल्या करून गेलं. त्यानं बघितलं तर हराळीची एक दोरी भिंतीकडून सरपटत आली होती आणि त्या काळ्या जागेत तिनं मुळं धरली होती. त्यानं माती नाकाशी नेली. तेलाचा वास होता, पण जुन्या पेटीत राहिलेल्या अत्तरासारखा, आठवण काढली तर यावा इतकाच. त्याच्याखाली मातीचा वास होता. नांगरट झाल्यावर येतो तसा, निव्वळ. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. चनमल्लप्पाला मात्र पाठीमागून येऊन कुणी हळूच सांगावं, तुझी आई निघाली, तसं वाटलं. मुकादम हाक मारत होता, इंजिन लाव म्हणत होता. तो माती हातात धरून बसूनच राहिला.

त्याची आई ईरम्मा खजुरीला होती. आळंदच्या पुढं, सरहद्दीजवळ त्यांचं शेत. शेतात विहीर, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला त्याच्या वडिलांची, बसवंतप्पाची समाधी. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. हातात लिंग देऊन, विभूती लावून, मातीत बसवतात. निजवत नाहीत, बसवतात. पूजेला बसावं तसं. चनमल्लप्पाला लहानपणापासून ह्याचा मोठा धीर वाटे. गेलेली माणसं आडवी पडलेली नाहीत, आपली आपल्या शेतात मांडी घालून बसली आहेत, वर ज्वारी डुलते आहे, एवढंच. बसवंतप्पाला बसवलं त्या दिवशी खड्डा खणणाऱ्यांना ईरम्मानं रडता रडता सांगितलं होतं, जरा पलीकडं सरकून खणा, शेजारी माझी जागा राहू द्या. त्या जागेवर मग तिनं एक सपाट दगड टाकून घेतला. शेतात आली की त्या दगडावर बसूनच भाकरी खायची. येणारीजाणारी हसत. ती म्हणे, कुठंही जायचं तर आधी जागा बघून ठेवावी, मोटारीत न्हाई का रुमाल टाकत. लेकाला मात्र तिचं ते बसणं आवडायचं नाही, आणि आवडायचंही. पाय पसरून, डोक्यावरचा पदर कानामागं खोचून, कांद्याची पात चावत ती नवऱ्याच्या समाधीशी बोलत असायची. पाऊस कमी आहे, खोंड लंगडतोय, सून चांगली आहे पण आमटीत मीठ विसरते. असलंच सगळं.

मग गुरुबाईच्या बारशाचं साल आलं. पोलीस ॲक्शन होऊन गावात जरा निवांत झालं होतं आणि चनमल्लप्पाच्या डोक्यात विहिरीवर इंजिन बसवायचं भरलं होतं. गुलबर्ग्यात जे इंजिन तो दुसऱ्याचं चालवतो तसलंच आपल्या विहिरीवर धडधडेल, पाटातून पाणी जाईल, आई, त्याची अव्वा, बघेल. जुनं, पण चांगल्या हाडाचं इंजिन त्यानं आणलं. त्याला लागणारं क्रूड तेल पिंपात भरून गाडीवरून आणलं. पिंप ठेवायला सपाट जागा हवी होती. विहिरीकाठी सगळी उतरण, सपाट तो एक दगड. पिंप त्यावर आडवं ठेवून, दोन्हीकडून धोंडे लावून तो गुलबर्ग्याला कामावर गेला. पिंपाच्या बुचाचे आटे झिजले होते. शेतावरचा गडी सिद्धप्पा दुसऱ्या बाजूला कुळवत होता. त्याच्या ध्यानात आलं तोवर पिंप बोटानं वाजवलं तर टणटण करायला लागलं होतं. सगळं तेल मातीनं पिऊन घेतलं. बसवंतप्पाची समाधी चढावर, म्हणून त्याच्याकडं थेंबही गेला नाही. गेलं ते सगळं ईरम्माच्या जागेत.

निरोप मिळून चनमल्लप्पा आला तेव्हा ती काठाला उभी होती. ती शिव्या देईल म्हणून त्यानं मान खाली घालून ठेवली होती. तिनं वाकून एक बोट मातीत बुडवलं, हुंगलं, लुगड्याला पुसलं. मग म्हणाली, "माझ्या आधी दुसरंच कोण तरी येऊन बसलं रं तम्मा." एवढंच. पुढं त्याला झोपेत ऐकू यायचं ते हे वाक्य. रागावली असती तर केव्हाच विसरून गेला असता.

माती सुधारायची कशी हे कुणाला ठाऊक होतं? पण त्यांच्यात समाधीच्या खड्ड्यात विभूतीबरोबर मीठ घालतात, माती लवकर आपलंसं करते म्हणून. तेव्हा सिद्धप्पाला जे सुचलं तेच चनमल्लप्पाला सुचलं, तेच गावातल्या चारचौघांनी बरोबर आहे म्हणून सांगितलं. आळंदहून मिठाची पोती आणली आणि त्या जागेत खणून खणून मिसळली. जी माती माणसाला घेते ती तेलाला का घेणार नाही? पुढचा पाऊस झाला, रानभर गवत गुडघ्याला आलं, आणि ती जागा होती त्याहून वाईट झाली. काठावरची हराळीसुद्धा करपली. ढेकूळ फोडलं तर आत तुळतुळीत, थंडीतल्या गुळासारखं. वर उन्हात मिठाची पांढरी बुरशी चकाकायची. त्या येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेच्या शेतपूजेला, सगळं घर शेतात जमलं होतं. कडब्याची कोप करून पूजा झाली, आंबील, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे खाऊन सगळी सुस्तावली होती, तेव्हा ईरम्मा हात धूत सहज म्हणाली, "माती बरी झाल्याबिगर मी जायची न्हाई. तुमचं तुम्ही बघा." सगळी हसली. चनमल्लप्पा सगळ्यांत जास्त हसला. रात्री बाकीच्यांना ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. त्याच्या मात्र ते अंगात शिरलं, काटा शिरून वर कातडी यावी तसं.

पुढच्या साली श्रीपतराव आले. शेतकी खात्याचे हे गृहस्थ लातूरकडचे, डाळ मिलमध्ये येता-जाता ओळख झालेली. तुरीवरची अळी बघायला म्हणून चनमल्लप्पानं त्यांना खजुरीला आणलं, आणि त्यांनी ती जागा बघितली. मीठ घातलं हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, पण लागेल असं बोलले नाहीत. दगडावर बसून त्यांनी ईरम्माला समजावून सांगितलं. मातीच्या चिमटीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, गुलबर्ग्यात माणसं नसतील इतके. त्यांतल्या काहींना तेलसुद्धा पचतं. ते तेल खातात आणि वाढतात. पण हळूहळू, आणि त्यांना ओल लागते, वारा लागतो. मिठानं बिचारे आकसून गेले आहेत. ईरम्मा तोंडावर पदर धरून ऐकत होती. दिसत नाहीत तर जेवतात हे कशावरून, असं तिनं विचारलं. तेल कमी होतं, वास जातो, त्यावरून, असं ते म्हणाले. तिला ते पटलं. देव तरी कुठं दिसतो, नैवेद्य दाखवतोच की. मग थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पर सायेब, नुसतं तेल कोण खातंय? भाकरी नको का संगं?" श्रीपतराव हसले. तेच सांगणार होतो अक्का, म्हणाले. शेण घाला, भुस्कट घाला, ती त्यांची भाकरी. आधी भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढा, मग महिन्यातून एकदा चाळवत राहा.

त्या दिवसापासून तिला नवीन संसार मिळाला. तिनं त्यांना लेकरं म्हणायला सुरुवात केली. लेकरांना शेण द्यायचंय, लेकरांना पाणी दाखवायचंय. ताक घुसळलं की गाडग्यातलं राहिलेलं लेकरांना. येळवशीला रानात शिंपून उरलेली आंबील, तीही लेकरांना. खुरप्यानं माती खालवर करताना पुटपुटायची, उठा रं, वारा घ्या. उन्हाळ्यात त्या जागेवर ओलं गोणपाट टाकायची आणि येणाऱ्याला सांगायची, आत निजलीत, पाय नीट टाका. सिद्धप्पा गावभर सांगत सुटला की म्हातारीला ह्या वयात बाळंतपण काढायला लागलंय. ती त्यालाच शेणाची पाटी उचलायला लावून म्हणे, मामा झालास, उचल.

गुलबर्ग्यात चनमल्लप्पाचं भलतंच सुरू झालं. खजुरीचं कुणी भेटलं की तो आधी विचारी, माती कशी आहे. त्याची बायको गौरम्मा टोमणे मारी, लोक आईचं विचारतात, आमच्या घरी मातीचं विचारतात. आपण एकच गोष्ट विचारतो हे तिला कसं सांगावं ते त्याला कळत नसे. सिद्धप्पा आला आणि म्हणाला, काळीच आहे अण्णा अजून, तर त्याला त्या दिवशी दोन घास जास्त जात. इंजिनचा पट्टा फिरताना बघत तो मनात म्हणे, आपण आईचं वाईट चिंततोय की चांगलं? तिला जे हवं ते होऊ नये असं वाटणं हे वाईटच. पण ते झालं की ती जाणार. ती शब्दाची पक्की. त्याच्या लहानपणी तिनं एकदा सांगितलं होतं, तू भात खाल्ल्याशिवाय मी जेवणार नाही, आणि तो हट्टानं झोपून गेला तर सकाळी ती तशीच उपाशी चूल सारवत होती. अशी माणसं बोललेलं करतात. मातीत तिचं मरण पिंपभर तेलाखाली दाबून ठेवलं आहे, आणि न दिसणारे ते जीव रोज थोडं थोडं तेल खाऊन ते उघडं करताहेत, असं त्याला इंजिनच्या धडधडीत वाटत राही. कधी कधी तर कानांत इंजिन नसे, त्यांचं जेवण असे. तो स्वतःवर चिडे. एवढा शिकल्यासवरल्या लोकांत वावरणारा माणूस मी. पण जी गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असतं ती भीती घालायची थांबते असं कुठं आहे.

म्हणून त्या हराळीनं त्याला हबकवलं. इथं, मिलच्या मागं, कुणी शेण घातलं नाही, ताक ओतलं नाही, उलट रोज तेल पडत आलं, आणि तरी माती उठून बसायला लागली. मग खजुरीला तर आई स्वतः भरवते आहे. त्यानं हराळी उपटली. पुन्हा तिथंच खोचली. येळवस आठवड्यावर आली होती. निघायच्या दिवशी त्यानं मिलच्या पिंपातून रॉकेलच्या एका रिकाम्या बाटलीत क्रूड भरून घेतलं, चिंधीचं बूच मारलं आणि पिशवीत कपड्यांच्या तळाशी ठेवलं. इंजिनला लागेल, असं त्यानं गौरम्माला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं तरी. आळंदच्या मोटारीत बाटली त्याच्या मांडीला लागत होती. गुरुबाई नाक वर करून म्हणाली, अप्पा, मोटार सांडायलीय. खिडकीतून तुरी, करडई, ज्वारीची रानं जात होती, लोक कोपी बांधत होते. त्याला कुठंतरी वाचलेलं की ऐकलेलं आठवत होतं की मातीतल्या त्या एकेका जीवाला जेवायला मोहरीएवढा थेंब साल साल पुरतो. त्याला कुणाला मारायचं नव्हतं. कुणाला तरी मरू द्यायचं नव्हतं. एक बाटली. वरवर. लेकरांना आणखी दोन साल पुरेल इतकं.

शेतात पोचले तेव्हा ईरम्माचं भज्जीचं पातेलं उतरलं होतं. ती वाळली होती. लुगड्यातून खांद्याची हाडं दिसत होती, पण आवाज तोच. गुरुबाईच्या गालावर राखेचे हात उठवून तिनं विचारलं, शाळेत मास्तर जेवायला घालतो का नुसतंच मारतो. पूजा झाली. रानाभोवती आंबील शिंपून झाली. सगळी पंगतीला बसली. भज्जी नेहमीपेक्षा चवदार झाली होती. चनमल्लप्पानं दुसऱ्यांदा मागून घेतली. तिनं वाढता वाढता विचारलं, कशी झालीय. चांगली झालीय, तो म्हणाला. ती म्हणाली, "मेथी माझ्या जागंवरची हाय."

घास तोंडातच राहिला. शेजारी गौरम्मा जेवत होती, सिद्धप्पा बोटं चाटत होता, गुरुबाई उंडा कुस्करत होती. सगळ्यांच्या पोटात ती जागा गेली होती. त्यानं गिळलं. जिभेवर मेथीच होती, जराशी कडू. त्यानं तेल शोधलं, टाळ्याला, दातांच्या मागं, सापडेना.

हात धुऊन तो पिशवी घेऊन विहिरीकडं गेला. जागा बघितली आणि ओळखली नाही. दगड बाजूला सारलेला, वाफा हिरवा, कापलेल्या मेथीचे बुंधे, मधून गांडुळांनी वर काढलेली मातीची बारीक वेटोळी. तो गुडघ्यांवर बसला. पिशवीत हात घालून बाटलीचा गळा धरला. तेवढ्यात ती मागून आली, हळूहळू, समाधीला हात टेकत, आणि त्याच्याजवळ बसली. दमली होती. श्वास लागला होता. थोड्या वेळानं म्हणाली, तू इंजिनवाला, तुझं नाक खरं, बघ बरं बरी झाली का. त्यानं मोकळ्या हातानं माती घेतली. नाकाशी धरली. मातीचा वास होता. फक्त मातीचा.

"येतोय अजून," तो म्हणाला.

"व्हय?" ती म्हणाली. तिनं त्याच्या हातातली माती घेऊन हुंगली. मग त्याच्याकडं वाकली, कपाळ हुंगावं तशी, आणि पिशवीवर हात ठेवला. "येतोय खरा. पर तुझ्या पिशवीतनं यायलाय."

त्याला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, दोन्ही एकदम, नाकातून. बाटली काढून त्यानं तिच्यापुढं ठेवली. तिनं विचारलं नाही कशाला आणलीस. तिला कळलं होतं. त्याला कळलं की तिला कळलं. वाऱ्यानं समाधीवरचं बेलाचं पान उडून वाफ्यात आलं.

"कामून इतका भितूस रं?" ती म्हणाली. "मी काय मातीच्या वायद्यावर बसलेय? गमतीनं बोलले."

"तू गमतीनं बोललेलं पण करतीस, अव्वा."

त्याचा तेलकट हात तिनं आपल्या मांडीवर ओढला, वाफ्यातली मूठभर माती घेतली आणि तो घासू लागली. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांना, तो लहान असताना घासायची तसा. मग म्हणाली, "बरं. तू येतोय म्हणतूस तवर येतोय. आणखी शेण घालू. पर ही बाटली इंजिनात वत जा, लेकरं आता मेथीला लागलीत."

त्यानंतर तो दर खेपेला खजुरीला आला की ती विचारी, आणि तो माती हुंगून सांगे, थोडा येतोय. ती म्हणे, बघ, मला वाटलंच. गौरम्माला वाटे, म्हातारीचं नाक गेलं. सिद्धप्पाला वाटे, अण्णाचं गेलं. दोघं मायलेक मात्र हा खेळ अगदी गंभीर चेहऱ्यानं खेळत. पंचावन्न साल असं गेलं. तिनं तिथं कोथिंबीर लावली, भेंडी लावली, गुरुबाईनं तिथंच झेंडू लावून घेतला. चनमल्लप्पाची भीती गेली नाही, पण तिला बसायला जागा मिळाली. इतर कामं करत करत तीही एका कोपऱ्यात बसून राहू लागली.

छप्पनच्या पावसाळ्यात ती अंथरुणाला लागली. पोटात पाणी झालं होतं. आळंदच्या डॉक्टरनं दोनदा काढलं, पुन्हा भरलं. कूस बदलायची तर दोघांनी धरावं लागे, आणि धरलं की तिच्या तोंडून कण्हणं येई, आणि त्याचीच लाज वाटून ती शिवा शिवा म्हणे. चनमल्लप्पा मिलमधून रजा घेऊन उशाशी बसून होता. पेज दोन चमचे जायची, परत यायची. एका दुपारी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, माती कशी आहे. तो उठला, पावसात शेतात गेला, मूठभर माती घेऊन आला. तिनं हात पुढं करू पाहिला, पण उचलला जाईना, म्हणून त्यानंच मूठ तिच्या नाकाशी धरली. ती हुंगत राहिली. मग त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात विचारणं होतं, आणि विचारण्याच्या मागं किती थकवा होता तो त्याला पहिल्यांदाच दिसला. इतके दिवस ती थांबली होती, खरंच थांबली होती, आणि थांबणं हे काम होतं, शेणाच्या पाट्या उचलण्याहून जड, आणि ते तो तिला करायला लावत होता.

"वर न्हाई," तो म्हणाला. "खाली असंल थोडा."

"खालचं मी बघते की," ती म्हणाली.

बाहेर वळचणीचं पाणी एका लयीत पडत होतं. त्यानं ती ओली मूठ आपल्या नाकाशी नेली आणि खूप वेळ धरून ठेवली.

"न्हाई येत, अव्वा," तो म्हणाला. "आता अजिबात न्हाई येत."

त्यानं मूठ तिच्या हाताखाली नेली, तिनं तिच्यावरून बोटं फिरवली आणि डोळे मिटले. त्यानं तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. तिला त्यांनी बसवंतप्पाच्या शेजारी बसवलं. बसवंतप्पाची बायको, चनमल्लप्पाची आई ईरम्मा, एकोणीसशे छप्पन सालच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी गेली.